बेपत्ता माणसाला काय म्हणायचं

६ नोव्हेंबर २०२५
एका शब्दाने डोकं उठवलंय! परदेशी संस्थेची पुस्तिका — घरातलं माणूस बेपत्ता झालं तर कुटुंबाने काय करावं — इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करून द्यायची आहे. अडले ते 'मिसिंग'वर. 'एक्स्त्राविआदो' म्हणावं, तर ते हरवलेल्या सामानालाही म्हणतात. 'आउसेन्ते' म्हणजे नुसता गैरहजर. उरला 'देसापारेसिदो'. भाषांतर तपासणारी बाई अर्जेंटिनाची. ती म्हणते, हा शब्द ऐकला की आमच्याकडे माणूस परत येणार नाही असंच धरतात.

नेमकं हे काम माझ्याच वाट्याला यावं! दुर्गेशदादाला आपण काय म्हणतो? — काहीच नाही. आई रोज त्याचं ताट वाढते, एवढंच.

७ नोव्हेंबर
आजही वाढलं. वरण गार झालं.

९ नोव्हेंबर
वामनमामा आले. गांधीबागेतल्या आमच्या दुकानासाठी कापड बघायला दादा उमरेडच्या बसने गेला, त्याला बारा वर्षं झाली. आता पालाशविधी करायचा म्हणतात — पळसाच्या देठांचा माणूस करून त्यालाच अग्नी द्यायचा. सोनिकावहिनीने कुठवर वाट बघायची? "सुनेले मोकळी कर वं आता," आईला म्हणाले. आई उठून आत गेली.

मला मामांचा भयंकर राग आला. दादा गेला तेव्हा थोड्याच दिवसांत उमरेडजवळ जुन्या खाणीच्या पाण्यात एक प्रेत सापडलं होतं. ओळख पटवायला आई एकटीच आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "माहा दुर्गेश नाही हा." मग आता जाळायचं कोणाला? आईने डोळ्यांनी पाहिलंय ना!

शब्द ठरला — 'आउसेन्ते'. गैरहजर माणूस येऊ शकतो.

१२ नोव्हेंबर
बाईने शब्द परत पाठवला. कोर्टकचेरीत चालेल म्हणे, पण घरच्यांना खोटी आशा का लावायची? मी भांडले. तिने विचारलं, तुमच्या घरातलं कोणी आहे का? मी लॅपटॉप बंद केला. दिवसभर मागे कोणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं.

१५ नोव्हेंबर
वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी कोन आहो, एवढं तरी मले कोनी सांगा." आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग म्हणाली, करा विधी.

१८ नोव्हेंबर
आई हट्टाने घाटावर आली. भटजींनी देठांचा माणूस सरळ निजवला. आई वाकली, त्याचा डावा गुडघा हळूच मुडपला.

"पाय असा होता वं त्याचा," मला म्हणाली. "पान्यातून काढला तवा."