साडेचारच्या आत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. पत्रात साष्टांग लिहायचा आणि समोर आल्यावर मानही वाकवायची नाही, असं तू मला नेहमी ऐकवतेस. या खेपेस मात्र शब्द खरा धर, कारण परवाच मी आठही अंगं चिखलात टेकवून आलो आहे आणि त्यातली सहा अजून ठणकताहेत. भाचीची तब्येत कशी आहे? उलट्या थांबल्या का? जावईबापू तुझ्या शिस्तीत कितपत रुळले? (त्यांची मला मनापासून काळजी वाटते. लग्नाआधी निदान मला एकदा विचारायला हवं होतं त्यांनी.) इकडे सर्व ठीक. भाऊजींची प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, पण आता राहू दे, कारण आज ते खरं आहे. परवा पावणेपाच ते साडेसहा या वेळात ते खरं राहील याची मला अजिबात खात्री नव्हती.

तू गेलीस त्याला अडीच महिने झाले. लेकीच्या बाळंतपणाला चार-पाच महिने अवकाश असताना कोणी एवढी मोठी बॅग भरत नाही, हे शेजारच्यांनाही कळतं. भाऊजींच्या छातीचं ऑपरेशन झाल्यापासून तू त्यांची पावलं मोजायला लागलीस, त्यांनी एकदा ओरडून ‘मला मोकळं सोड’ म्हटलं, आणि तू सोडलंस. आता तुझं म्हणणं, त्यांनी बोलावल्याशिवाय येणार नाही. त्यांचं म्हणणं, बोलवायला ती काय पाहुणी आहे? दोघांच्या मधे मी. जाताना तू माझा हात धरून ‘यांना काही होऊ देऊ नकोस’ एवढंच म्हणालीस, आणि तेव्हापासून माझं शिवणाचं दुकान दुपारी बंद असतं. (तीन गिऱ्हाइकांचे एकेका बाहीचे कोट खुंटीवर लटकताहेत. ते लोक माझ्याकडे दात-ओठ खात बघतात, पण एका बाहीचा कोट घेऊन जाणार कुठे?) डॉक्टरांनी भाऊजींना सपाट जागी सावकाश चालायला सांगितलंय. समुद्राकाठच्या राखीव पाणथळीइतकी सपाट जागा दुसरी नाही, ही कल्पना माझी. शिव्या द्यायच्या तर त्या मलाच दे.

तिथली पद्धत अशी. फाटकावर वनरक्षक बाई बसतात. रजिस्टरात सही करायची, फोन त्यांच्याकडे ठेवायचे (घंटी वाजली की पक्षी घरटी सोडून उडतात म्हणे) आणि एक चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर त्या दिवशीची भरतीची वेळ असते. परवा लिहिलं होतं, ‘साडेचारच्या आत ओहोळ ओलांडून परत या.’ हा ओहोळ वाटेच्या मधोमध आडवा आहे. आम्ही जाताना त्यात घोट्याएवढं पाणी होतं, आणि भाऊजी त्यातून चप्पल हातात घेऊन नवरदेवासारखे चालत गेले. पलीकडे पाव तासावर खांबांवर उभं केलेलं एक लाकडी मचाण आहे, अकरा पायऱ्यांचं, वर भिंती आणि दार असलेली खोली, तिथे बसून पक्षी बघायचे. चिठ्ठी माझ्या खिशात, कारण भाऊजी चष्मा घरी विसरले होते. घड्याळ भाऊजींच्या मनगटावर, कारण मी घड्याळ वापरत नाही, ते अस्तरात अडकतं. थोडक्यात, किती वाजले हे त्यांना माहीत आणि कितीपर्यंत परतायचं हे मला. आम्ही दोघंही निर्धास्त होतो.

आता नीट वाच, कारण यात तुझाही वाटा आहे. तुझ्या घरातलं प्रत्येक घड्याळ तू वीस मिनिटं पुढे ठेवतेस. भाऊजी जन्माचे वेंधळे, कुठेही वेळेवर पोचत नाहीत, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं आणि त्यांच्या मनगटावरचं, सगळी घड्याळं पुढे. तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यालाही हे पाठ आहे. तुमच्याकडे कोणी वेळ सांगितली की आम्ही मनातल्या मनात वीस वजा करतो आणि पुढे बोलतो. तर मचाणावर बसून, लांब वाकड्या चोचीचे पक्षी चिखलातून किडे उपसताना बघत मी विचारलं, भाऊजी, किती वाजले? ते म्हणाले, चार वीस. मी वीस वजा केले. चार! मी थर्मासमधला चहा ओतला. पुढची पंधरा मिनिटं आम्ही इतक्या निवांतपणे बिस्किटं खाल्ली की पुड्यात चुराही उरला नाही.

ओहोळाशी पोचलो तेव्हा ओहोळ नव्हता. तिथे नदी होती, आणि ती उलटी, समुद्राकडून जमिनीकडे वाहत होती. मी उजवा पाय घातला तो गुडघ्यापर्यंत गेला, डावा घातला तो मांडीपर्यंत, आणि पाण्याने मला असा धक्का दिला की मी मुकाट्याने मागे आलो. मी म्हटलं, भाऊजी, अहो आत्ताशी साडेचार होताहेत, या बाईंनी चुकीची चिठ्ठी दिली! भाऊजींनी मनगट डोळ्यांशी नेलं. चार पन्नास, म्हणाले. म्हटलं, तेच ते, वीस वजा करा. तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती गेली त्याच संध्याकाळी मी घड्याळ बरोबर लावलं.”

ताई, माझ्या पायांखालची जमीन सरकली. (हे अलंकारिक नाही, तिथली खरंच सरकते.) आता मागे मचाणाकडे जाणं एवढंच उरलं होतं. वाटेतल्या खोलगट जागा भरायला लागल्या होत्या. पळावं तर भाऊजींना पळायची मनाई, सावकाश जावं तर पाणी काही सावकाश येत नव्हतं. मी त्यांचा दंड धरून ओढत होतो आणि मनात तुझा चेहरा होता. कसं सांगणार होतो मी तुला? फिरायला नेलं आणि हरवून आलो? मचाण शंभर पावलांवर असताना माझा पाय रुतला आणि मी आडवा पडलो (नमस्कार तो हाच). भाऊजी मला उचलायला वाकले. ऑपरेशन झालेला माणूस, आणि मी ओरडतोय की वाकू नका, आणि ते माझी कॉलर धरून उपसताहेत. उपसलं. पण नंतर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, ओठ निळसर. पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. वर पोचल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली आणि जिभेखाली गोळी ठेवली. झाकण त्यांना उघडेना, ते मी उघडलं.

ती गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, तूच शिकवलंयस. मी त्यांचा हात धरून बसलो. काहीतरी करायला हवं म्हणून मी खिशातली मोजपट्टी काढली आणि पायऱ्या मोजल्या. एक पायरी सात इंच. आम्ही चढलो तेव्हा तीन पाण्यात होत्या. अर्ध्या तासाने पाच. सहाच्या सुमारास सात. मी आयुष्यात हजारो कंबरा मोजल्या, पण असं भराभर वाढणारं माप कधी घेतलं नव्हतं. भाऊजींनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे चंद्र पाणी कसं ओढतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि चेहऱ्यावर जरा रंग येताच त्यांनी ते मला समजावून सांगायला सुरुवात केली. मी रडायला आलो होतो, आणि हे भिंतीवर बोटाने पृथ्वी काढताहेत.

तेवढ्यात आठव्या पायरीवर एक पाणमांजर आलं. ओलं, मिशाळ, आमच्याकडे रोखून बघणारं. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय की ते वर्षातून एखाद्यालाच दिसतं. ते दोन मिनिटं बसलं, अंग झटकलं, आमच्यात खाण्यासारखं काही नाही अशी खात्री करून घेतली आणि निघून गेलं. मी हळूच भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं पाणमांजर बघून. ते पाण्याकडेच बघत, तक्रारीच्या सुरात, अगदी चिडून म्हणाले, “ती असती तर आपण साडेतीनलाच घरी असतो.”

मी पुन्हा पायऱ्या मोजायला लागलो.

साडेसहाला, उजेड असतानाच, वनरक्षक बाई सपाट होडी वल्हवत आल्या. रजिस्टरात आत गेल्याच्या दोन सह्या होत्या, बाहेर आल्याची एकही नव्हती. मी त्यांना रडवेल्या आवाजात विचारलं की अजून उशीर झाला असता तर? त्या वर आल्या, आम्ही भिंतीला टेकवून उघडं ठेवलेलं दार त्यांनी लावलं आणि दाराची मागची बाजू दाखवली. तिथे हातभर अक्षरांत लिहिलं होतं : ‘पाणी नवव्या पायरीच्या वर येत नाही. दार लावून शांत बसा. होडी येईल.’ भाऊजींनी डोळे बारीक करून ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की ओहोळ परवडला.

कालच भाऊजींना डॉक्टरांकडे नेऊन दाखवलं. ईसीजीची पट्टी काढली, सगळं व्यवस्थित आहे. मला मात्र आठवडाभर विश्रांती सांगितली आहे. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना धीर.

तुझा,
धाकटा

ता. क. : मी रडायला आलो होतो असं वर लिहिलंय. मी रडलो. भाऊजींनी त्यांचा रुमाल दिला. तो अजून माझ्याकडेच आहे, धुऊन देईन.

ता. क. २ : घड्याळांबद्दल मी जे बोललो ते रागात बोललो. चूक माझी होती. वेळ विचारल्यावर वजाबाकी करण्याआधी माणसाला एकदा नीट विचारायला हवं होतं, की घरी काय चाललंय.

ता. क. ३ : हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. भाऊजींना सांगितलंय की पाकिटात माझ्या रक्ततपासणीचे कागद आहेत, ते तू तिकडच्या डॉक्टरांना दाखवणार आहेस, आणि ते टपालात हरवले तर मी मेलो. एरवी कोपऱ्यावरून पाव आणायला कां-कूं करणारा माणूस आत्तापासूनच शर्टाला इस्त्री करून बसलाय आणि पहाटेच्या बसला तासभर आधी जाऊन उभा राहतो म्हणतोय. तो तुला बोलावणार नाही, ताई. त्याला ते येत नाही. पण आलाय ना? आणि मी तुला ओळखतो, तू पाकीट हातात पडल्या पडल्या फोडून हे सगळं दारातच उभ्याने वाचत असशील. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि ते जिना चढून आले आहेत. पत्र बाजूला ठेव. आधी त्यांना आत घे, खुर्ची दे, आणि पाणी पिऊन होईपर्यंत काही म्हणजे काही विचारू नकोस.