तुमच्या स्कूटरवर मागे बसणारी

बाबा, परवा चाकणच्या एका कारखान्यात तुमचा विषय निघाला आणि तो मी काढला नव्हता. तिने काढला. आपल्या धायरीच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची ती, यवतमाळकडून इंजिनिअरिंग शिकायला आलेली. समोर कंपनीची बडी मंडळी बसली होती, आणि ती सरळ म्हणाली, "माझे गुरू सांगायचे, कारखाना आधी पायांनी बघायचा, मग कागदावर." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमची मुलगी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती आणि हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

मी काय करते ते सांगते. तुमच्या वेळी या कामाला नाव नव्हतं. कंपन्यांची वीज, पाणी, डिझेल यांची मोजमापं रोजच्या रोज कॉम्प्युटरवर गोळा करायची, नासाडी कुठे होते आणि किती कार्बन हवेत जातो ते काढायचं, आणि ते कमी कसं करायचं ते सांगायचं. परदेशातली गिऱ्हाइकं आता मालाबरोबर हेही विचारतात, म्हणून कंपन्या आम्हाला बोलावतात. तुम्ही हेच करत होता की. कंपनीने व्हीआरएस देऊन तुम्हाला घरी बसवलं, तेव्हा काही दिवसांनी एके सकाळी तुम्ही स्कूटर काढलीत आणि भोसरी, हडपसर असं "तुमची वीज कुठे गळते ते दाखवतो" म्हणत फिरायला लागलात. आई म्हणायची, "निघाले लोकांचे दिवे मालवायला."

एका शनिवारी तुम्ही मला विचारलंत, "येतेस का?" मी म्हटलं, "आज क्लास आहे, बाबा." खरोखरच होता. तेव्हा अख्खं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं, आणि मला तिथे घालणारे तुम्हीच होता. जिन्यात उभी असलेली ती म्हणाली, "काका, मी येऊ काय?" तुम्ही म्हणालात, "चपला नकोत. बूट घाल." संपलं. पुढे दर शनिवारी मागच्या सीटवर ती. मला तुम्ही परत कधी विचारलंच नाहीत. पुण्यात एकदा नको म्हटलं की चहासुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाहीत, ठाऊक आहे. पण मी पाहुणी नव्हते हो.

अजून ते स्वयंपाकघर दिसतं. आई पोहे परततेय. तुम्ही दोघं ओट्याला टेकून चहा पिताय, दोघांच्याही बाह्यांना काळं ऑइल. ती कुठल्याशा फौंड्रीच्या मॅनेजरची नक्कल करतेय, आणि टीव्हीवरच्या विनोदाला भुवईसुद्धा न हलवणारे तुम्ही हसून हसून डोळे पुसताय. मी आत येते. तुम्ही हसू आवरता आणि मला समजावून सांगायला लागता, कॉम्प्रेसर म्हणजे काय इथपासून. शेजारून कोणी आलं तर सांगावं तसं. मी म्हणते, "दत्तकच घ्या ना हिला." तुम्ही बशीत चहा ओतत म्हणता, "घेतली असती. पण तिचे वडील हयात आहेत." ती हसली, आईही हसली. विनोद होता, मलाही कळला. पण मी पोहे न खाता खोलीत गेले, आणि ते वाक्य पुढे कित्येक वर्षं माझ्याबरोबर जेवायला बसत राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी अमेरिकेत होते, कंपनीच्या कामावर. पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दवाखान्यात तुमच्या उशाशी ती होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "पोरीने पोटच्या मुलासारखं केलं हो," आणि मी तिथेच बसलेली असायची. मी तिचे आभार मानले. इतकं जड काही मी आजवर उचललेलं नाही.

पुढे बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. मग एकदा पेपरात तिचा फोटो आला, कारखान्यांची वीज वाचवणारी तिची छोटी कंपनी, खाली चार कौतुकाच्या ओळी. त्याच आठवड्यात मी आमच्या कंपनीच्या या नव्या विभागात बदली मागितली. लोक म्हणतात, वडिलांचा वारसा चालवतेस. मी मान हलवते. तुमच्यासाठी नाही आले, बाबा. तिला तिथे एकटीला राहू द्यायचं नव्हतं म्हणून आले.

चाकणवाल्यांनी काम दोघींना मिळून दिलं. आकडे आमचे, कारखान्यात फिरणारी माणसं तिची. पहिल्याच दिवशी जेवणाची सुट्टी झाली, मशिनं थांबली, आणि तिने माझा दंड धरला. "थांब. ऐक." वर दाबलेल्या हवेच्या पाइपांतून बारीक फुसफुस येत होती, इथून, तिथून. हवा गळत होती, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सुट्टीतही धडधडत होता. माझ्या पडद्यावर हे मला आधीच दिसलं होतं. सुट्टीत खाली यायला हवी ती वीजवापराची रेष खाली येत नव्हती. मी तसं म्हटलंही. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली, आणि मला तिचा आणखीच राग आला. कारण असाच दंड तुम्ही तिचा धरला असणार.

कॅन्टीनमध्ये मी न राहवून विचारलं, "बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का गं, फिरताना?"

तिने खरंच आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "कामावर कामाचंच बोलत. पण तुझ्या क्लासची बस यायची वेळ झाली की हातातलं सोडून निघत. फाट्यावर तुला घ्यायला. मी कितीदा म्हटलं, काका, एवढी लाइन बघून जाऊ ना. ऐकतच नव्हते. मला फार राग यायचा तुझा."

म्हणजे फाट्यावर तुम्ही मला सांगायचात तसे भाजी घ्यायला उभे नसायचात. हे ऐकून माझं मन निवायला हवं होतं. थोडं निवलंही. तरी त्या शनिवारांचं काय? ते तिच्याकडेच आहेत.

निघताना ती म्हणाली, "मी यायच्या आधी कसे होते गं काका? तू लहान होतीस तेव्हा?"

आईही गेली. तुम्हाला जवळून पाहिलेलं आता तिच्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि हे पत्र वाचून कोणाला काही उमगेल तर तिलाच. म्हणूनच ते या टेबलावरून हलणार नाही. मी तिला म्हटलं, "फारसं आठवत नाही गं." विहिरीत पोहायला शिकवताना माझ्या पोटाखाली धरलेला तुमचा हात, दाढी करताना तुम्ही गुणगुणायचात तो सूर, तापात माझ्या कपाळावर टेकवलेलं तुमचं कपाळ, मला सगळं आठवतं, बाबा. तिला द्यायचं नाहीये.