गोड जेवणाची कुल्फी

॥ श्री ॥
पुणे, ६ जून २०२४

सौ. सुचित्रावहिनी यांस,
देवयानीचा स. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले तर माझा आवाज चढेल आणि ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोन ठेवून द्याल, म्हणून लिहिते. आईचं तेरावं उरकून घरी नीट पोचले. रोहनचे क्लास जोरात चालू आहेत. इकडची खुशाली संपली.

आता मुद्द्याचं. गोड जेवणाला तुम्ही मातीच्या कपातली कुल्फी वाढलीत. ट्रे शेजारच्या मुखर्जीकाकूंच्या घरातून येत होते, म्हणून मला वाटलं, त्यांनीच केली असेल. मीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडायला आलेली तुमची नूपुर तिच्या अर्ध्या बंगाली मराठीत सहज बोलून गेली, की ती आजीने करून ठेवली होती, जायच्या महिनाभर आधी. वहिनी, मी पुण्यापर्यंत रडत आले. शेजारच्या प्रवाशाने पाणी मागवून दिलं.

अहो, गेलेल्या बाईच्या हातचं तिच्याच तेराव्याला कोणी वाढतं का? आणि ती कुल्फी माझ्यासाठी होती. मे महिन्यात मी रोहनला घेऊन येणार होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी हॉस्टेलवरून यायच्या आठ दिवस आधी आई दूध आटवायला बसायची, हे दादाला विचारा. दादाच्या ऑफिसातल्या लोकांनी मिटक्या मारत दोन-दोन कप संपवले. माझ्यासाठी चार कप बाजूला काढून ठेवावेत, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

आई गेली. आता तुमचं घर माझं माहेर राहणार की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे. कुल्फी माझ्यासाठीच केली होती, एवढं कबूल करा. बाकीचं मी गिळून टाकीन.

दादाला नमस्कार, नूपुरला आशीर्वाद. लोभ आहे की नाही ते आधी कळवा, वाढवायचं मग बघू.

देवयानी

---

॥ श्री ॥
गार्डन रीच, कोलकाता
१५ जून २०२४

चि. सौ. देवयानीस,
सुचित्राचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. यांना दाखवलं नाही. आईंच्या मागे हे आधीच नीट जेवत नाहीत, त्यात तुझी भर नको. उकाड्याने जीव नकोसा झालाय. नदी हाकेच्या अंतरावर, पण वाऱ्याचं नाव नाही.

बाई गं, मुलगी आहेस म्हणून तुला बोलायचा हक्क आहे, पण थोडं माझंही ऐक. बातमी तुला अठरा मेला कळवली. तू एकोणतीसच्या संध्याकाळी आलीस आणि एकतीसला सकाळी गेलीस. तुझ्या बँकेचं ऑडिट होतं, मान्य. पण मधले दहा दिवस या घरात कोण काय करत होतं, ते तू पाहिलेलं नाहीस.

चाळीस कप केले आईंनी. तीन दिवस लागले. चार वेळा दूध ढवळलं की दम लागायचा, मग स्टुलावर टेकायच्या. मी उलथन्याला हात लावला तर अंगावर यायच्या. साखर घातली नव्हती, थंडीत आणलेला खजुरीचा नोलेन गूळ फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता, तो घातला. उकळत्या दुधात तो पडला तर दूध फाटतं. आटवलेलं दूध पार गार होऊ द्यायचं आणि मग तो कालवायचा. सत्तरी उलटल्यावर हे त्या मुखर्जीकाकूंकडून शिकल्या.

ती कुल्फी खाऊन तू स्वयंपाकघरात आलीस आणि मला म्हणालीस, की बंगाल्यांना गोडातलं कळतं खरं, पण आमच्या आईच्या कुल्फीची सर याला नाही. आठवतं का? माझ्या हातात ट्रे होता. तो घेऊन मी पंगतीत वाढायला गेले.

मी ती माझ्या मनाने वाढली नाही, एवढंच सांगते. कोणासाठी केली होती, ते विचारू नकोस. हवं तर माझ्यावर राग धर, मला सवय आहे.

रोहनला आशीर्वाद. आंबे बेताने खाऊ दे त्याला. लोभ आमच्याकडून आटला नाही, तुझ्याकडचं तू बघ.

सुचित्रा

---

॥ श्री ॥
पुणे, २४ जून २०२४

सौ. वहिनींस,
स. न. वि. वि.

लागलं. अगदी नेम धरून मारलंत. सहा वर्षांत मी कोलकात्याला आले नाही आणि आईचा हात बदलला, चव बदलली, हे मला कळलंच नाही. तिच्याच हातचं खाऊन मी तिच्याच नावाने त्याला नाव ठेवलं. पत्र आल्याला चार दिवस झाले, तोंडात घास घोळतो. झालं समाधान?

पण आता मी सोडणार नाही. तुमच्या मनाने वाढली नाही, तर मग कोणाच्या सांगण्यावरून? दादाच्या? त्याला साधं पाणी गाळून घ्यायचं सुचत नाही, त्याला कुल्फी कुठून सुचणार? आणि ती एवढी आजारी होती तर मला कोणी सांगितलं का नाही? दर रविवारी फोनवर मी खणखणीत आहे म्हणायची, आणि तुम्ही मागे उभ्या राहून ऐकायचात. मला कळलं असतं तर क्लास-बिस गेले खड्ड्यात, मी धावत आले असते. तुम्ही मला माझ्या आईपासून तोडलंत, वहिनी.

खरं काय ते लिहा, नाहीतर हे माझं शेवटचं पत्र समजा. माझी आई शेवटी माझी वाट बघत होती, एवढं तरी मला मिळू द्या.

दादाची तब्येत कळवा. आणखी काय लिहू?

देवयानी

---

॥ श्री ॥
गार्डन रीच, कोलकाता
३ जुलै २०२४

चि. सौ. देवयानीस,
अ. उ. आ.

मी सांगणार नव्हते. शपथ घातली नव्हती त्यांनी, पण सांगू नये असंच होतं ते. तू शेवटचं पत्र म्हणालीस, म्हणून लिहिते. बसून वाच.

हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. तुला कळवायला मी फोन उचलला, तर आईंनी तो हातातून काढून घेतला. म्हणाल्या, कळवलं तर ती दोन दिवसांसाठी येईल आणि परतीच्या तिकिटाकडे बघत बसेल, ते मला बघायचं नाही.

वीस एप्रिलला तुझा फोन आला, की रोहनचे क्लास लवकर सुरू होतायत, मे महिन्यात जमत नाही. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा लिटर दूध मागवलं. येणार होतीस तेव्हा नाही गं, तू नाही म्हणाल्यावर. मला वेडीला वाटलं, तुझं मन बदलेल या आशेवर करतायत. तसं बोलूनही दाखवलं मी. तर म्हणाल्या, ही माझ्या गोड जेवणाची. मे महिन्याच्या काहिलीत चाळीस माणसांचं गोड करायला तू एकटी शेगडीपुढे उभी राहू नकोस.

मी रडले, भांडले, नको नको ते बोलले त्यांना. त्यांनी मला पुढचा ट्रे आणायला सांगितलं. घरात माणूस गेलं की शिजवलेलं सगळं टाकून देतात, त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून कप गोठायच्या आधीच मुखर्जीकाकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवायला लावले. त्या घरी सुतक नसणार. एवढा विचार केला होता.

यांची तब्येत बरी आहे. खोली तुझी आहे तशी आहे, कधीही ये. लोभ तोंडदेखला नको, असला तर खरा असू दे.

एक राहिलं. मी त्यांना विचारलं होतं, की एवढे कष्ट कशाला, श्रीखंड बाहेरून मागवू. तर म्हणाल्या, देवयानीला कुल्फीच आवडते, आणि त्या दिवशी ती नक्की येईल.

तेव्हा कबूल करते, तुझ्यासाठीच केली होती.

तुझी वहिनी,
सुचित्रा