गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबर

प्रिय दिव्यानी,

तुही आई सकाळपासून माह्यावर ओरडून राह्यली. म्हणते, लिहा न एकदाचं, असं घुम्यासारखं काऊन बसले? दोन कागद फाडून झाले, हा तिसरा आहे. अक्षराले नावं ठेवू नको, पाना धरून बोटं वाकडी झाली आहेत.

राजुऱ्याले सीता आत्याकडं बरी असशीन. चंद्रपूरच्या वर्कशॉपवाल्यानं तुले कामावर घ्याले आधी हो म्हटलं आणि मंग नाई म्हटलं, तेव्हापासून तू त्याले शिव्या देऊन राह्यली. पोरगी पाहून नाकारलं, म्हणते. परवा फोनवर रडली आणि विचारलं, बाबा, आता दुसरीकडं तरी कोण घेईन मले? मी नुसतं हूं हूं केलं आणि फोन आईच्या हातात दिला. बापानं असं करावं काय?

मुखरूभाऊची फोर-बाय-फोर गाडी आठवते न? जिवतीच्या घाटात खड्ड्यात आदळून पुढचा एक्सल तुटला होता. अर्ध्या पहाडाचे लोक त्याच गाडीनं बाजाराले उतरतात, म्हणून तो रोज येऊन घाई करे. आपल्या गॅरेजात जुना एक्सल तू काढला, नवीन बसवला, सील बदलले, चाक हातानं फिरवून कान लावून ऐकलं. मी समोरच्या चहाच्या टपरीवरून पाहून राह्यलो होतो. छाती फुगली होती माही, पण बोललो नाई. आपल्यात पोरीले तोंडावर शाबासकी द्याची सवय कुठी आहे?

मंग एक्सल आणि गिअरबॉक्स दोन्हीत नवीन तेल भराची गोष्ट निघाली. एक्सलच्या डिफरन्शियलमध्ये नव्वद नंबरचं तेल बरोबर आहे, पण या गाडीच्या गिअरबॉक्सले दुसरं तेल लागते, असं तू म्हणली. आतमध्ये पितळेच्या रिंगा आहेत, डिफरन्शियलच्या तेलातलं केमिकल पितळ खाते. चंद्रपूरहून डबा मागवू, गाडी उद्या देऊ. अवं, आपल्या इकडं जुन्या जीपपासून सगळे मिस्त्री एकाच ड्रमातून दोन्हीकडं नव्वदच भरत आले. माहा उस्तादही तेच करे. मले हसू आलं, आणि गिऱ्हाइकांसमोर पोट्टी मले शिकवून राह्यली म्हणून रागही आला. तू जेवाले घरी गेली आणि मी गिअरबॉक्समध्ये नव्वद भरून टाकलं. तू परत आली तर म्हटलं, झालं, जाऊ दे गाडी. तू हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरली.

पावसाळाभर गाडी चालली. मी मनात म्हणे, पाहा, काई झालं काय? दिवाळीनंतर, तू राजुऱ्याले गेल्यावर, मुखरूभाऊ गाडी घेऊन आला. दुसरा गिअर टाकला की करकर, तिसरा पडतच नाई. खोललं तर तेलात सोनेरी चुरा आणि रिंगा झिजून गुळगुळीत. बाप्पा! टपरीवरचे सगळे वाकून पाहून राह्यले होते. मुखरूभाऊनं विचारलं, पत्रूभाऊ, तेल कोणं भरलं होतं? आणि मी म्हटलं, पोट्टीनं भरलं, नवीन आहे न, चुकली. लोक हसले. मीही हसलो, दिव्यानी. बोललो त्यापेक्षा त्या हसण्याची शरम मले जास्त वाटते.

आता नीट वाच. तुले पोरगी म्हणून नाकारलं नाई. मुखरूभाऊचा भाचा निकेश त्याच वर्कशॉपमध्ये आहे. त्याच्याकडून मॅनेजरच्या कानावर गेलं, की या पोरीले तेलातलं समजत नाई, सख्खा बापच सांगते. हे मले कळलं तेव्हा आधी मुखरूभाऊले टपरीवर, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगतलं. तो चहा अर्धा ठेवून उठला. मंग मी बस धरून चंद्रपूरले गेलो, मॅनेजरसमोर हात जोडले. तो हसला. म्हणे, काका, पोरीच्या नोकरीसाठी कोणताही बाप असंच म्हणन. लाख समजावलं, पटलंच नाई त्याले. म्हणून हे कागदावर देऊन राह्यलो. हे पत्र घेऊन जा आणि त्याच्या टेबलावर ठेव. पूर्ण वाचू दे त्याले, मी हसलो तेही. बाकीचे मिस्त्री वाचतीन तर वाचू दे. माह्याशी बोलाचं का नाई ते तू ठरव, मी तोंड वर करून काई मांगणार नाई. त्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबर मी भरलं. दिव्यानी नको म्हणली होती.

तुहाच बाबा,
पत्रू बापूजी टेकाम
मिस्त्री, गडचांदूर