चुकवलेले तीन आठवडे

११ फेब्रुवारी

हुकलं! तीन आठवड्यांसाठी हुकलं!

वाचनालयात कराचे फॉर्म फुकट भरून देतात, तिथे गेलो होतो. समोर मिसेस वॉयचिक, सत्तरीच्या बाई. म्हणाल्या, "मूल आईकडे राहतं आणि खर्च तुम्ही देता ना? कमाई बेताची असली तर त्याबद्दल राज्य करात सवलत देतं. चांगला घसघशीत परतावा मिळेल." मी खूश! मग त्यांनी पोरीच्या खर्चाचे दर आठवड्याचे पैसे भरल्याचा वर्षाचा कागद पाहिला.

"नोव्हेंबरातले तीन आठवडे कुठायत?"

"जानेवारीत भरले की!"

"वर्ष संपायच्या आत हवे होते, बाळा."

पंचेचाळिशीच्या रंगाऱ्याला बाळा! पण अशा मायेनं म्हणाल्या, की कागद गोळा केले आणि निघालो.

१२ फेब्रुवारी

खरं लिहितो. इथे कोण वाचतंय? तेव्हा पैसे होते. दोन मोठी घरं रंगवली होती. कुठे नोकरीला असतो तर पगारातूनच कापले गेले असते. माझं मलाच भरावं लागतं — नाही भरले.

नोव्हेंबरात पोरीचा, इमानीचा बारावा वाढदिवस होता. मी केक घेऊन गेलो. तिची आई रोशेल दारातच आडवी आली. "आज नको, कॉर्डेल. परत जा." पोरीचं तोंडही दिसलं नाही. केक घेऊन बर्फातून तसाच परतलो. म्हटलं, थांब, दाखवतोच तुला!

दाखवलं. कोणाला?

१५ फेब्रुवारी

दिवसभर बर्फ. काम नाही.

१९ फेब्रुवारी

रोशेलला फोन केला. परताव्यातून इमानीला उन्हाळ्यात पोहण्याच्या शिबिराला पाठवणार होतो, ते आता जमणार नाही म्हटलं. का, तेही सांगून टाकलं. वाटलं, फाडून खाईल. ओरडली नाही. मग म्हणाली, "ते तीन आठवडे मी वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या केल्या. पोरीला कळू दिलं नाही."

माफ कर म्हणालो.

"बरं," म्हणाली. तेवढंच.

२३ फेब्रुवारी

इमानीला जेवायला नेलं. खाता खाता थांबली. "आई म्हणाली, तू माफी मागितलीस. मग मीही सांगते. वाढदिवसाला तू नको, असं मीच म्हटलं होतं, डॅडी. आदल्या वर्षी माझ्या मैत्रिणींसमोर आईवर ओरडलास ना, म्हणून. आई मला म्हणाली, 'हे तुझ्या तोंडून ऐकलं तर तो मोडून पडेल.' म्हणून ती स्वतः दारात आली."