संजना अजून बोलते

सोमवार, १० नोव्हेंबर

रुजू झाले! दोन वर्षं वाट पाहून मिळालेली नेमणूक, आणि तीही दिंडोरीच्या पलीकडे, मळ्यांमधल्या शाळेत. इंदिरानगरहून स्कूटीवर सव्वा तास लागतो. सकाळी विहारात मेणबत्ती लावून निघाले, आईनं डब्यात खीर दिली होती. दहाला पाच कमी असताना मी फाटकात हजर. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे खिचडीची शेड आणि चहूबाजूंनी द्राक्षबागा.

मुख्याध्यापक हिरामण गांगुर्डे सर तिसरी-चौथी घेतात. माझ्याकडे पहिली-दुसरी. दीड वर्ष या वर्गाला शिक्षकच नव्हता, म्हणाले. म्हणजे आत काय धिंगाणा असेल याची मी मनाशी पूर्ण तयारी केली होती.

दार उघडलं तर सोळा मुलं दोन रांगांत मांडी घालून बसलेली. एकदम उठली. "नमस्कार, मॅडम." आणि बोलणं काय सुरेख! "माझे नाव सुयश आहे. मला वाचन आवडते." इथली मोठी माणसं हाय-नाय बोलतात आणि ही सहा-सात वर्षांची मुलं अगदी पुस्तकातल्यासारखी. मी तर हरखूनच गेले.

सतरावी संजना. तिची आई साळूबाई पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या कामाला आली आहे, पोरीचं नाव दिवाळीनंतरच घातलंय. हिला एका जागी बसणं माहीत नाही. पाढे चालले असताना मध्येच उठून माझी ओढणी चाचपून पाहिली, मग खिडकीतून एका कुत्र्याशी गप्पा मारल्या. तिला अक्षर येत नाही एकही. पण वर्गात तेवढाच एक आवाज आहे. छान वाटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजचा उपक्रम होता पानं गोळा करणं. वेगवेगळ्या आकारांची पानं आणायची, मग वर्गीकरण, मग कागदावर चिकटवणं. मी बाहेर चला म्हटलं तर मुलं उंबऱ्याशी येऊन थांबली. हलेनात. तेजल म्हणाली, "आपण बाईंना विचारले का?"

मी हसून म्हटलं, अगं, मीच तुमची बाई. तेजलनं मान हलवली. "नाही. आपण मॅडम आहात."

मग सगळ्यांनी मागे वळून फळ्याकडे पाहिलं. थोडा वेळ. आणि बाहेर पडली.

सोळाही जणांनी द्राक्षाचंच पान आणलं. सोळा पानं एकावर एक ठेवली तर कडा जुळत होत्या. संजनानं मात्र आख्खी वेल ओढून आणली, वर एक हिरवा टोळ. टोळ सुटला, ती त्याच्यामागे वर्गभर धावली, आणि एकही मूल हसलं नाही.

तेजल ही खिचडी शिजवणाऱ्या शकुबाईंची नात. डबा खाताना मी शकुबाईंपाशी तिचं कौतुक केलं. त्या तांदूळ निवडत होत्या, वर बघितलं नाही. म्हणाल्या, "हुशार हाय, मॅडम. लय हुशार. पण घरी बी आसंच बोलती. आधी मला 'ये आज्जे' करायची, आता 'आजी, आपण जेवलात का?' मला पाव्हणी वाटती ती."

या बाई कोण, असं विचारलं. त्या उठून नळावर गेल्या.

माझा संशय गांगुर्डे सरांवर आहे. तपासणीसाठी मुलांकडून घोकून घेतलं असणार. आणि कोणी बाहेरची बाई ठेवली असेल तर ती गोष्ट माझ्यापासून लपवताहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मुद्दाम श्रुतलेखन घेतलं. दहा शब्द. पुस्तकातले नाहीत, मी आयत्या वेळी सुचतील ते सांगितले: फुलपाखरू, गाजर, चष्मा, असे. वह्या घरी आणल्यात, समोर पडल्या आहेत.

सोळा वह्यांत एकच अक्षर. नीटनेटकं म्हणून सारखं, असं नाही. एकच. 'ष'चं पोट फोडणारी रेघ सगळीकडे थोडी खाली उतरलेली. कोणीतरी एकट्यानं लिहिलं असतं तर म्हटलं असतं लबाडी आहे. पण लिहिताना मी त्यांच्यात फिरत होते. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय.

शब्द मी दहा सांगितले. प्रत्येक वहीत अकरावी ओळ आहे.

संजना अजून बोलते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वह्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि स्पष्टच विचारलं. सर आधी चिडले, मग दार लोटून घेतलं. म्हणाले, त्यांनी या वर्गाला दीड वर्षात एक अक्षर शिकवलेलं नाही. दोन वर्ग, वर कागदपत्रं, एकटा माणूस कुठं कुठं पुरणार. सुरुवातीला या मुलांनी डोकं उठवलं होतं. वैतागून एक दिवस त्यांना आत बसवून बाहेरून कडी घातली. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आतून गोंधळ ऐकू येईना म्हणून खिडकीतून पाहिलं, तर मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती. म्हणायची आणि थांबायची. शिक्षक पुढची ओळ सांगेपर्यंत थांबतात तशी. मग पुन्हा म्हणायची. त्या मधल्या वेळात कोणाचाच आवाज नव्हता, आणि फळ्याजवळ कोणी नव्हतं.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करणार? खिडकी लावून घेतली." सर माझ्याकडे बघत नव्हते. "मॅडम, पोरं शिकत होती. तपासणीला साहेब आले, वर्गाची पाठ थोपटून गेले. आता तक्रार करायची तर लिहायचं काय? मुलं चांगलं बोलतात?"

मी वर्ग व्हरांड्यात हलवला. मातीकाम घेतलं. सोळा मुलं चिखलाचे गोळे मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसली. पाणी प्यायली नाहीत, खिचडीला हात लावला नाही. संजना एकटीच बैल करत होती. मध्येच माझ्या कानाला लागून म्हणाली, "ती बाय माला बोलवतं. मी नाय जात."

तिला कवटाळून बसले. उद्या साळूबाईला सांगायचं, पोरीला या शाळेत पाठवू नको. नोकरी जाईल तर जाऊ दे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बालदिन. फुगे नेले होते. संजना आली नाही.

खोलीला मी काल माझं कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये. सोळाजण व्हरांड्यात बसली. मी स्कूटी काढून मळ्यात गेले. साळूबाई वेलींखाली उभी राहून जादा फूट, नको असलेले कोंब, खुडत होती. मला बघून दचकली. "पोर तं कवाच आली साळेत. उजाडताच उठली, बाईनं बोलावलं म्हने. तुमीच ना?"

दोघी परत आलो. कुलूप तसंच होतं. उघडलं.

संजना पहिल्या रांगेत बसली होती. मांडी घालून, पाठ ताठ. केसांचा चापून भांग काढलेला. साळूबाईनं तिला हाक मारली, जवळ घेतलं, त्यांच्या बोलीत काहीबाही विचारलं. पोर शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, मला तुझे बोलणे समजत नाही."

साळूबाई आधी हसली. पोर साफ बोलायला लागली म्हणून हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

साळूबाई संजनाला ओढून न्यायला गेली तर पोर उचलेना. एवढीशी पोर — आम्हा दोघींना मिळून उचलेना. शाळा सुटल्यावर संजना आपणहून उठली आणि आईच्या मागून चालत गेली. हात धरला नाही.

सरांनी उद्याची रजा टाकली आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळची शाळा

जायचं नव्हतं. आई म्हणाली, जाऊ नकोस. पण सतरा मुलं आहेत आत. मी नाही गेले तर कोण जाणार?

शकुबाईंशी बोलून ठेवलंय. आज दप्तराविना शनिवार, गाणी-खेळ. मी सगळ्यांना खेळायच्या निमित्तानं फाटकाबाहेर काढायचं, त्यांनी तेजलला उचलायचं, मग साळूबाईनं संजनाला, मग बाकीच्या आयांनी आपापल्या पोरांना. खोलीला आग लावायची, असं शकुबाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही.

साडेसात

मुलं आधीच वर्गात जाऊन बसली होती. त्यांना बाहेर काढायला मी आत आले तेव्हा सतराही जण उठले.

"नमस्कार, बाई."

मॅडम नाही म्हणाले.

मी म्हणणार होते, चला बाहेर. तोंड उघडलं. "बसा," असं निघालं. माझ्याच आवाजात, पण मी ते म्हटलं नव्हतं. सगळे बसले.

आता ते म्हणताहेत. एक ओळ म्हणतात आणि थांबतात. माझ्याकडे बघतात. आणि त्या थांबण्यात माझं तोंड — मी दात आवळून धरले तरी — पुढची ओळ सांगतं. मला ती ओळ माहीत नाही. मला तिचा अर्थही लागत नाही.

हात अजून माझा आहे. म्हणून लिहितेय. टेबलाखाली.

पाय उचलत नाहीत.

आठ वाजले असतील

वही संजनाला दाखवली. मोठ्या अक्षरात लिहिलं, पळ. तिनं उभं राहून ते खणखणीत वाचलं. वर्गानं तिच्यामागून म्हटलं. पळ. पळ. पळ. कोणी हललं नाही. पाठ झाल्यावर बसली.

शाबास, असे मी म्हणाले. मी नाही —

बाहेर शकुबाई हाक मारताहेत. मॅडम, आटपलं का. मॅडम.

त्या आत येतील. येऊ नयेत. मी लिहून दाखवलं असतं, पण त्यांना वाचता येत नाही, काल स्वतःच म्हणाल्या. अंगठाच हाय माझा. ओरडावं तर

ओरडायचं नाही. तोंड उघडलं की ते —

व्हरांड्यात चपला. मुलं थांबलीत. सगळी माझ्याकडे बघताहेत. पुढची ओळ घशापर्यंत आली आहे. दाराची कडी. मी ओठ चावून धरलेत, रक्त येतंय, चालेल. तेजलला घ्या आणि जा शकुबाई, आत पाऊल टाकू नका. मी बोलणार नाही. मी बोलणार नाही. मी बोलणार ना