मावशी माळ्यावरून पडली की तिने उडी मारली?

ती. मावशीस,

भाच्याचा नमस्कार, आणि सूनबाईचाही (ती आत कणीक मळते आहे, तिचा हात मोकळा झाला की तीही दोन ओळी लिहील). तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा दुखतो म्हणालीस, त्याच्या आधीच्या पत्रात डावा. दोघांनी आपसात पाळ्या लावून घेतलेल्या दिसतात. औषध वेळेवर घेत जा. गोड खाऊन वर औषध घेतलं तर दोन्ही फुकट जातात, असं डॉक्टरने तुला सांगितल्याचं तूच कळवलं होतंस.

आता इकडची हकिगत. माझं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं काम घरात मावेनासं झालं आहे. न्हाणीघराच्या दाराशी मशिनं उभी आहेत, आणि आंघोळीला जाताना माझा टॉवेल रोज कुठल्या ना कुठल्या चाकात अडकतो. म्हणून मी ठरवलं, की परसातलं आजोबांचं जुनं कोठार पाडायचं आणि तिथे पत्र्याची साधी शेड उभी करायची. कोठारात आता ना धान्य, ना गुरं. आहे ती धूळ, आणि थोडा पेंढा, ज्याचं वय विचारायची कोणाची छाती होत नाही. सुताराला बोलावलं. त्याने माळ्याच्या तुळईत बोट खुपसलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. मग बोट पुसत म्हणाला, की पाडायची मजुरी कशाला देता, दाराशी उभं राहून जोरात शिंका.

पाडताना धूळ उडणार, तेव्हा शेजाऱ्यांच्या कानावर घालावं, एवढाच माझा साधा हेतू. डाव्या हाताच्या घरातले गवंडीकाका तुला आठवत असतील (जन्मभर भिंती बांधल्या, आता दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवतात). त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, की ज्या माळ्यावरून तुझ्या मावशीने उडी मारली तोच तू पाडणार का. मला काही ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. तू तेव्हा परकर नेसायचीस. काकांनी पैज लावली आणि तू भर दुपारी माळ्यावरून पेंढ्यात उडी घेतलीस. खाली गुरांचा डॉक्टर बैलाला सुई टोचत होता. तू नेमकी त्याच्या पाठीवर आलीस आणि बैलाची सुई आजोबांना बसली. त्या वर्षी आजोबांनी एकट्याने सगळी नांगरट उरकली, असं काका म्हणतात.

उजव्या हाताच्या घरातल्या चष्मेवाल्या आजींकडे गेलो (एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि शोधाशोध तिसऱ्याची). त्या म्हणाल्या, उडीबिडी काही नाही, मांजरीचं पिल्लू धरायला वाकली आणि घसरून पडली. डॉक्टरच्या टोपीवर पडली, टोपी चेपली, सुई कोणालाही टोचली नाही. आजोबांनी नांगरट केली ती मजूर मिळाले नाहीत म्हणून.

मावशी, या एका गोष्टीवरून त्या दोघांनी कितीतरी वर्षं बोलणं टाकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोघंही एकटी. रोज संध्याकाळी आपापल्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसायची. मला वाटायचं, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

एकदाचा निकाल लावू, म्हणून मी दोघांना कोठारात नेलं. तिथेही ती सरळ बोलेनात. सगळं माझ्यामार्फत. आजी म्हणायच्या, सांग त्याला, इथून उडी मारली तर माणूस पेंढ्यात पडतच नाही. काका हाताच्या अंतरावर उभे. ते ऐकायचे आणि मला म्हणायचे, सांग तिला, पडतो. मी निरोप्यासारखा मान इकडून तिकडे फिरवत होतो. शेवटी काका वैतागले आणि करून दाखवतो म्हणून शिडी चढले. या वयात. ते माळ्यावर पोचले आणि त्यांच्या पायाखालची वरची पायरी मोडून खाली आली. तुळई कण्हली. सुतार धावत आला आणि म्हणाला, कोणी हलू नका, आता या माळ्याला धरून ठेवल्याशिवाय माणूस उतरवता येणार नाही.

मग सगळी दुपार त्याने टेकू लावले, नवा खांब उभा केला, तुळईला दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या. बादलीतून वर चहा गेला. काका वरून गोष्टी सांगत होते आणि आजी खालून दुरुस्त्या. दिवेलागणीला काका उतरू लागले. एकदम आजी, माझ्याकडे न बघता, सरळ त्यांना म्हणाल्या, "डावा पाय तिथे ठेवू नकोस. ती पायरी गेली आहे."

काका शिडीवरच थांबले. मग म्हणाले, "मग कुठे ठेवू?"

"खालच्या पायरीवर. मी शिडी धरली आहे."

कोठार आता इतकं भक्कम झालं आहे, की पाडायचं म्हटलं तर सुतार तयार होत नाही. मशिनं मी तिथेच हलवली. संध्याकाळी दोघं येऊन बसतात, सुतारही येतो, आणि मी तेलाची बुधली हातात धरून ऐकत राहतो. काम फारसं होत नाही.

तुझा,
भाचा

ता. क. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी: तू पडलीस की उडी मारलीस, ते कळव. पण मेहेरबानी कर आणि 'पडले' असंच लिही. 'उडी' लिहिलंस तर काका पुन्हा शिडी मागतील.

ता. क. मावशी, सूनबाईचा साष्टांग नमस्कार. पाकीट चिकटवायला हे विसरले, म्हणून मला पत्र वाचायला मिळालं. काका घटकाभरात खाली आले होते. त्यांना उतरवायला म्हणून हे वर चढले, आणि दिवेलागणीपर्यंत माळ्यावर होते ते हेच. बादलीतला चहा यांच्यासाठी. यांना धीर यावा म्हणून काका आणि आजी खालून आळीपाळीने गोष्टी सांगत होती. आजींनी काकांची शिडी धरली आणि सरळ त्यांच्याशी बोलल्या, तेवढं मात्र अक्षरशः खरं आहे. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही दोन पत्रं लिहा. काकांना लिहा, उडी मारली. आजींना लिहा, पडले. त्यांचं एकमत झालं तर उद्यापासून कोठारात यायला त्यांना कारण उरणार नाही.